बेचक्यातला डोळा

वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याच्या गच्चीवर मी दर थंडीत वाल आणि घेवडा लावतो. वेल हातभर चढला, पाच-सहा पानं धरली की शेंडा खुडतो. बघणारे हळहळतात, वाढतं रोप कशाला मोडता, म्हणतात. मग आठवड्याभरात खालच्या पेरांतून फुटवे निघतात आणि खुडल्यामुळे ते तयार झाले असं सगळ्यांना वाटतं.

तसं नाही. फुटवा आधीच तिथे असतो. टूलरूममधलं भिंग लावून घेवड्याचं पेर बघा. देठ जिथे खोडाला चिकटतो त्या बेचक्यात, मोहरीहून लहान, लव असलेला हिरवा ठिपका, म्हणजे डोळा, दिसेल. अजून नीट पाहिलं तर एक नाही, तीन डोळे शेजारी-शेजारी, मधला मोठा. एखाद्याची फांदी होते, एखाद्याचा फुलांचा तुरा, एखादा तसाच राहतो. शेंड्यात पान आकार घेत असतानाच त्याच्या बगलेत डोळा धरायला लागतो. मला या कामातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं.

तो दबून राहतो, कारण शेंड्याची कोवळी पानं ऑक्सिन हे संप्रेरक बनवतात आणि ते खोडातून सतत खाली उतरत असतं. १९३३ साली थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपांवर हे दाखवलं. बाकला म्हणजे घेवड्याच्याच भावकीतलं पीक. शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन ठेवलं, तर बाजूचे डोळे दबलेलेच राहिले. पुढे कळलं की ऑक्सिन स्वतः डोळ्यात शिरत नाही. तिथे दुसरी संप्रेरकं काम करतात: सायटोकायनिन फुटव्याला जोर देतं, स्ट्रिगोलॅक्टोन त्याला आवरतं. २०१४ मध्ये वाटाण्यावर आणखी एक गोष्ट दिसली. शेंडा गेला की तिकडची साखर डोळ्यांकडे वळते, आणि ऑक्सिन घटल्याचा परिणाम तिथवर पोहोचण्याआधीच ते वाढू लागतात.

ही साखर पानांची. म्हणून खुडल्यावर खालची पानं मी कधीच काढत नाही. आपल्याकडे भाजीसाठी हरभऱ्याचे शेंडे खुडतात, तेही नुसती कोवळी टोकं. खाली पाला राहतो, रोप पसरतं.

बुटका घेवडा मात्र खुडू नका. त्याचा शेंडा स्वतःच फुलोऱ्यावर येऊन थांबतो. वेलीचा वाल खुडा, पेराच्या जरा वर, नखाने, आणि तहानलेलं रोप असेल तर आधी पाणी द्या.