बारा प्रेषितांचा किनारा

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, व्हिक्टोरिया राज्यात, पोर्ट कॅम्पबेल हे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील उंच कड्यावर येताच समुद्रात एकेकटे उभे असलेले चुनखडीचे प्रचंड सुळके आमच्या दृष्टीस पडले. त्यांना ‘बारा प्रेषित’ असे नाव आहे. वाचकहो, आम्ही ते मोजू लागलो, तर बारा काही भरेनात. ते बारा कधी नव्हतेच. आणि २००५ सालच्या जुलैत त्यांतील एक क्षणार्धात ढासळला.

हे कसे घडते? लाटा प्रथम कड्याच्या पोटात गुहा कोरतात. गुहा आरपार गेली म्हणजे कमान होते; कमानीचा माथा पडला म्हणजे सुळका एकटा उरतो. जवळच ‘लंडन ब्रिज’ नावाची अशीच दुहेरी कमान होती. १५ जानेवारी १९९० रोजी तिचा किनाऱ्याकडील भाग समुद्रात पडला, आणि पलीकडे अडकलेल्या दोघा प्रवाशांस हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

म्हणजे ज्या लाटा जुने सुळके पाडतात, त्याच नवे घडवितात. आणि घडवितात ते पाहणारा ज्या कड्यावर उभा असतो त्या कड्यातूनच. कठड्याबाहेर जाऊ नये, अशी सूचना तेथे आहे. पायाखालचा दगड घट्टच वाटत होता; तरी ती सूचना आम्ही मुकाट्याने पाळली.