मुळाचें अक्षर

आमच्या घरांत छापील अक्षराच्या दोन जाती पूर्वापार मानिल्या आहेत : मुळाचें अक्षर आणि टीकेचें अक्षर. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापलेली रघुवंशाची जुनी प्रत वडिलांनीं आमच्या हातीं दिली, तेव्हां आमचें वय अकरा-बारा वर्षांचें असेल. वर कालिदासाचा श्लोक काळ्याभोर, भरदार खिळ्यांत बसलेला आणि खालीं मल्लिनाथाची संजीवनी बारीक अक्षरांत, दाट पेरणी केल्यासारखी. पाठ काय करावयाचें आणि नुसतें वाचावयाचें काय, हें वडिलांना कधीं सांगावें लागलें नाहीं. अक्षराच्या जाडीनेंच तें सांगितलें. पुढें शाळेंत फळ्यावर सूत्र लिहितांना आम्ही खडू आडवा धरीत असूं व विवरण टोंकानें लिहीत असूं, तें याच संस्कारानें.

हें अक्षर ज्यांच्या उद्योगानें घरोघर गेलें ते जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) कोणी शास्त्री नव्हते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्यापासून त्यांचा आरंभ झाला. १८६४ मध्यें त्यांनीं स्वतःची ओतशाळा काढली व १८६९ मध्यें छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरें कोरणारा कारागीर त्यांना लाभला. बोरूचें टोंक तिरपें तासलेलें असतें, म्हणून एका दिशेची रेघ जाड उमटते व दुसऱ्या दिशेची बारीक. पोथी लिहिणाऱ्याच्या हाताची ही चाल या मंडळींना पोलादी ठशांत उतरवावी लागली. ठसा तांब्यांत ठोकून साचा करावयाचा, साच्यांत शिशाचा रस ओतावयाचा, आणि एवढें सारें एका अक्षराच्या एका रूपासाठीं! आमच्या जोडाक्षरांचा विस्तार ध्यानांत घेतला म्हणजे या कामाची कल्पना यावी.

इंग्रजी कोश उघडला तर तेथेंही मूळ शब्द जाड व अर्थ बारीक. लंडनच्या रॉबर्ट बेस्ले यांनीं १८४५ मध्यें 'क्लॅरेंडन' नांवाचा जो टाइप काढला, तो या कामासाठींच फार उपयोगी पडला. त्यापूर्वींचीं जाड अक्षरें भिंतीवरील जाहिरातींसाठीं असत. हीं मात्र साध्या ओळींत बसूनही उठून दिसत. अक्षराच्या पायाशीं जी आडवी पट्टी असते ती यांत चांगली दणकट, पण दांड्याला गोलाईनें मिळालेली. कायद्याचें संरक्षण तीनच वर्षांचें होतें. तें संपतांच इतर ओतशाळांनीं नकला काढल्या.

ही विद्वत्ता आम्ही पुष्कळ मिरविली. ती किती उथळ होती हें गेल्या वर्षीं कळलें.

आमच्या मातोश्री आतां अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या गुरुचरित्राच्या पोथीचे तुकडे पडूं लागले, तेव्हां आमच्या पुतण्यानें संगणकावर सर्व अध्याय जुळवून नवी पोथी छापून आणिली. कागद शुभ्र, अक्षर नाजूक, वेलीसारखें. आम्ही तोंड भरून वाखाणणी केली. मातोश्रीही "फार सुरेख हो," असें म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ती पोथी घेऊन देवापुढें बसूं लागल्या.

चार महिने गेले. एके दिवशीं फुलांची परडी ठेवावयास आम्ही आंत गेलों. वाचन चाललें होतें. परंतु पोथींत सतरावा अध्याय उघडलेला आणि मुखांतून मात्र चौदावा! पान उलटण्यासाठीं हात हालत नव्हता. आम्ही तेव्हां कांहीं बोललों नाहीं. रात्रीं विचारिलें, तर म्हणाल्या, "अरे, चौदावा तोंडपाठ आहे, तोच रोज म्हणतें. पोरानें हौसेनें केलें, त्याला कशाला बोलायचें?"

घरांत आम्ही इतकीं माणसें, त्यांत एक अक्षराचा अभिमानी मास्तर, आणि चार महिन्यांत कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

पुतण्या बिचारा खजील झाला. "काका, एका क्षणांत जाड करून देतों," म्हणून त्यानें तशी आज्ञा यंत्रास दिली. यंत्रानें प्रत्येक रेघेला शाई फांसल्याप्रमाणें फुगविलें. 'ब'च्या पोटांतील तिरपी रेघ बुजली, 'ष' काळा गोळा झाला, मात्रा शिरोरेषेला चिकटल्या. खरें ठळक अक्षर असें होत नाहीं. रेघ जाड केली कीं आंतली पांढरी जागा राखण्यासाठीं अक्षराची रुंदी वाढवावी लागते, प्रत्येक रूप निराळें आंखावें लागतें. अक्षर जितकें काळें, तितकी त्यांतल्या पांढऱ्याची काळजी अधिक. शेवटीं ज्याचें ठळक रूप स्वतंत्र आंखलेलें आहे असें वळण त्यानें शोधिलें, अक्षर मोठें केलें, आणि एका पोथीचे तीन जाडजूड भाग झाले. चौरंगावर ते मावेनात, म्हणून आम्हीं जुना पाट काढून दिला.

पहिल्या दिवशीं आम्ही दाराशींच उभे होतों. मातोश्री बोट ओळीखालीं फिरवीत सावकाश वाचीत होत्या. तिसऱ्या पानावर बोट थांबलें.

"याला सांग," त्या म्हणाल्या, "इथें 'व'चा 'ब' केला आहे त्यानें."