सभासदांची वही

दिवंगत पोप फ्रान्सिस ज्या सान लोरेन्सो फुटबॉल संघाचे निष्ठावंत सभासद होते, तो १९०८ साली ब्युनोस आयरिसमध्ये सालेशियन धर्मगुरू फादर लोरेन्सो मासा यांच्या अंगणात वाढला. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांना ट्रामखाली येण्यापासून वाचवावे, एवढाच त्यांचा हेतू. १९७९ मध्ये संघाचे मैदान गेले, तेथे सुपरमार्केट उभे राहिले. तरी सभासदांनी मोर्चे काढून, वर्गणी जमवून त्या जागेवर पुन्हा हक्क मिळवला.

गोव्यातही हा खेळ एका धर्मगुरूनेच आणला. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ साली शिवोलीत तो मुलांना शिकवला, आणि पुढे तो गावोगावी रुजला. मोठे संघ मात्र खाणमालकांनी पोसले. त्यांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. धेंपो संघाने तर पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले! पण २०१६ मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ साळगावकर व धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा तो निर्णय मालकांचा होता. पाठीराख्यांना विचारतो कोण? धेंपो २०२४-२५ च्या हंगामात परतला, हे बरे झाले.

वाणगावची आमची मुले संघ काढायचे म्हणतात, तेव्हा देणगीदार कोण, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आम्ही आधी सभासदांची वही मागतो. वर्गणी दोन रुपये का असेना.