औषधांची पिशवी

प्रवासाला निघतांना मनुष्य काय बरोबर घेतो यावरून त्याचें वय अचूक सांगतां येतें, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. पंचविसाव्या वर्षीं दोन सदरे आणि एक कादंबरी एवढ्या सामानावर मी महिनाभर हिंडून येत असें. आज कादंबरीला जागा मिळते ती औषधांनीं मेहेरबानी केली तरच. रक्तदाबाच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, आणि या साऱ्या प्रजेवर राज्य करणारी इन्सुलिनची कुपी! राणीची प्रकृति मोठी नाजूक. ऊन तिला सोसत नाहीं आणि बर्फ तर मुळींच सोसत नाहीं. न उघडलेल्या कुपीला दोन ते आठ अंशांमधली थंडी लागते. एकदां गोठली कीं तिचा भरवसा संपला. पण तिचे नखरे सोसलेच पाहिजेत. १९२२ च्या जानेवारींत टोरोंटोच्या इस्पितळांत लेनर्ड थॉम्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन प्रथम टोंचण्यांत आलें. त्यापूर्वींच्या मधुमेह्याला पथ्याच्या नांवाखालीं उपासमारच करून घ्यावी लागे.

माझ्या मधुमेहाचीं बहुतेक वर्षें औषधांची पिशवी भरण्याचें काम माझ्या पत्नीकडे होतें. इरकली लुगड्याच्या पदराची तिनेंच शिवलेली ती नाडीची पिशवी पुढें घेऊन ती प्रवासाच्या आदल्या रात्रीं बसे, आणि मी त्या वेळीं मासिक वाचीत पडलेला असें. तिचे नियम कडक होते. गोळी मूळ पाकिटांतून काढून डबींत भरायची नाहीं. कारण वाटेंत कोणी विचारलें तर सुट्या पांढऱ्या गोळ्या सगळ्या सारख्याच. दिवस मोजून वर आठवड्याचें औषध जास्त. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीनें ठेवलेलें नांव पुरे नाहीं, औषधाचें मूळ नांव हवें, आणि तेंही सहज लागेल अशा अक्षरांत. या शेवटल्या अटीपायीं आमच्या डॉक्टरांशीं तिचे दोनदां खटके उडाले. पण म्हणणें तिचें खरें होतें. मूळ नांवाचीही कधीं कधीं पंचाईत होते. आपलें पॅरासिटामॉल अमेरिकेंत गेलें कीं ॲसिटामिनोफेन होतें. कांहीं देशांत तर आपल्याकडे चिठ्ठीवर मिळणारें औषध जवळ बाळगणें हाच अपराध ठरूं शकतो. संयुक्त अरब अमिरातींत कोडीन किंवा ट्रॅमाडॉल न्यावयाचें तर आधीं सरकारी परवानगी काढावी लागते.

मे महिन्यांत तिच्या माहेरीं, अमरावतीकडे, जावयाचें म्हणजे निराळाच थाट. तेथें वीज केव्हां जाईल याचा नेम नसे. ती एका मडक्यांत दुसरें मडकें ठेवी, मधल्या जागेंत ओली वाळू भरी, आणि आंतल्या मडक्यांत कुपी ठेवून वर ओलें फडकें घाली. पाणी उडतांना उष्णता घेऊन जातें. माठाचें पाणी गार होतें तेंच शास्त्र. सासुरवाडीचे लोक हा प्रकार पाहून हसत, आणि मीही त्यांच्यांत सामील होत असें.

ती गेल्यानंतर २०१८ च्या उन्हाळ्यांत मी मँचेस्टरला मुलीकडे एकटाच निघालों. पिशवी प्रथमच मीं भरली, आणि भरतांना शहाणपणा केला. तपासणीच्या वेळीं सुया पाहून आपल्याला अडवून ठेवतील अशी मला भीति वाटत होती. वस्तुतः डॉक्टरांचें पत्र असलें म्हणजे इन्सुलिन आणि सुया हातांतल्या सामानांत नेतां येतात. किंबहुना त्या तेथेंच नेल्या पाहिजेत. मीं मात्र एक कुपी जवळ ठेवली आणि बाकीच्या तीन मोठ्या पेटींत लोकरी कपड्यांत गुंडाळल्या.

दहा दिवसांनीं जवळची कुपी संपली. पेटींतली काढली, तळव्यांत पुष्कळ घोळविली. तरी एरवीं दुधासारखें एकजीव होणारें तें औषध नासलेल्या दुधासारखें दिसूं लागलें. काटकसरीच्या जुन्या संवयीनें मीं तेंच टोंचून घेतलें. दुसऱ्या दिवशीं साखर साडेतीनशेंच्या वर. विमानाच्या पोटांत थंडी गोठण्याइतकी उतरूं शकते, हें मुलीनें मला सांगितलें, आणि मग म्हणाली, “बाबा, आई असती तर तुम्ही हें टोंचून घेतलं असतंत?”

आमच्या डॉक्टरांनीं मूळ नांव लिहिण्याची संवय पुढेंही ठेवली होती. त्यामुळें तेथल्या डॉक्टरीणबाईंनीं दोन मिनिटांत नवी चिठ्ठी दिली. औषधांच्या दुकानांत ‘सिरिंजही देऊं का?’ असें विचारलें. माझ्याजवळ घरून आणलेल्या पुष्कळ होत्या, म्हणून मीं ऐटींत नको म्हटलें.

त्या संध्याकाळीं जेवणापूर्वीं मीं नेहमींप्रमाणें वीसच्या खुणेपर्यंत औषध ओढलें. सात वर्षांची नात शेजारीं बसली होती. तिला त्या दिवसांत दिसेल तें मोठ्यानें वाचण्याचा नाद लागला होता, आणि माझ्या जुन्या कुपीचें रिकामें खोकें तिनें मणी ठेवण्यासाठीं मागून घेतलें होतें. ती म्हणाली, “आजोबा, माझ्या खोक्यावर फॉर्टी लिहिलंय. ह्याच्यावर हंड्रेड कां?”

मीं सुई खालीं ठेवली. आपल्याकडे कुपींतलें इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला चाळीस एककें या ताकदीचें असतें, आणि त्याची लाल टोपणाची सिरिंजही त्याच मापाची. तिकडे तें शंभर एककांचें, आणि सिरिंज निराळी, नारिंगी टोपणाची. माझ्या सिरिंजेवरची वीसची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. नव्या कुपीचा अर्धा मिलिलिटर म्हणजे पन्नास एककें! अडीचपट! रात्रीं साखर कोठवर उतरली असती, आणि माडीवरच्या खोलींत निजलेल्या म्हाताऱ्याला सकाळीं हांक मारायला प्रथम कोण आलें असतें, हा हिशेब मीं तेथेंच अर्धा सोडला. बहुधा नातच आली असती.

जेवण तासभर लांबलें. मुलगी गाडी काढून नव्या सिरिंजा घेऊन आली. मला ती कांहीं बोलली नाहीं. आईचें न बोलणें तिनें जसेंच्या तसें उचललें आहे.

परत येतांना पिशवी माझ्या मांडीवर होती. तपासणीच्या अधिकाऱ्यानें पत्र वाचलें, सुया पाहिल्या, आणि ‘सुखानें जा’ म्हणून सारें माझ्या हातांत दिलें. मी ज्याला भ्यालों होतों तें दोन मिनिटांचें काम निघालें. फक्त पिशवीची नाडी नीट बसेना. ती एक विशिष्ट गांठ मारीत असे, ओढली कीं सुटणारी. कशी मारीत असे, तें मीं कधीं पाहिलेंच नव्हतें.