काकांचा लॅपटॉप आणि पंधरा सेकंदांचं गणित

हॅम रेडिओवाल्यांत दोन वाद कधी मिटत नाहीत. पहिला अँटेनाचा. दुसरा, रेडिओला जोडलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज ठेवावं की लिनक्स. मी दिवसभर लिनक्सवरच पोट भरतो, त्यामुळे माझं मत लोक गृहीतच धरतात. पण गेल्या महिन्यात हा प्रश्न आमच्या सोसायटीतल्या काकांच्या लॅपटॉपच्या रूपानं समोर आला आणि मला नीट विचार करावा लागला.

काका सत्तरीपुढचे. गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणं जवळपास बंद. रोज सकाळी चहा घेऊन १४.०७४ मेगाहर्ट्झवर एफटी८ लावून बसायचं, हाच त्यांचा कट्टा. लॅपटॉपवर विंडोज १०, ज्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते त्यात नाही. आणि पेन्शनमधून नवा लॅपटॉप घ्यायची काकांची तयारी नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एफटी८ ही २०१७ साली आलेली डिजिटल पद्धत. ज्यो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांची. (हे टेलर म्हणजे १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल वाटून घेणारे, बरं का!) कानाला ऐकूसुद्धा न येणारा सिग्नल यात वाचता येतो. दोघांनी आळीपाळीनं पंधरा-पंधरा सेकंद बोलायचं. त्यांचं डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. मग भांडण कशाचं?

भांडण तीन बारीक गोष्टींचं. एक, घड्याळ. ते सेकंद-दोन सेकंद हललं की समोरचा दिसेनासा होतो. लिनक्सवर क्रोनी टाकलं की ही काळजी मिटते. विंडोजवर बरेच जण त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवतात. दोन, आवाज. रेडिओचं साउंड कार्ड डिफॉल्ट राहिलं, तर ईमेल आल्याची 'टिंग' थेट हवेत जाऊ शकते! हे दोन्हीकडे बघावं लागतं. तीन, पोर्ट. रेडिओच्या यूएसबी केबलमधल्या नेहमीच्या चिपांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतात. फक्त युजरला 'डायलआउट' ग्रुपमध्ये टाकावं लागतं.

विंडोजची बाजूही लंगडी नाही. स्पर्धांसाठीचं एन१एमएम लॉगर फक्त विंडोजचंच. रेडिओचं फर्मवेअर बदलायचे बरेच प्रोग्रॅमही तसेच. पण काका स्पर्धेत उतरत नाहीत, आणि फर्मवेअरसाठी माझ्या घरी एक विंडोज मशीन आहे.

म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालू केलं. रेडिओ दिसला, साउंड कार्ड दिसलं. आता हार्ड डिस्कवर टाकूया म्हटलं, तर काका म्हणाले, "अरे, ते सगळं ठीक. पण उद्या तू बंगळुरूला बदलून गेलास तर?"

खरा प्रश्न हाच होता! क्लबातले बाकी सगळे विंडोजवाले. अडलं तर काकांना फोनवरून सांगणार कोण? आणि एफटी८ बंद पडलं तर त्यांच्या सकाळीच बंद पडणार.

मग ठरलं ते असं. डेस्कटॉपवर एकच आयकॉन. कॉलसाइन, ग्रिड, साउंड कार्ड, पोर्ट ही सगळी सेटिंग्ज एका कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरात. रविवारी मी सगळ्या केबल काढल्या, सेटिंग्ज पुसली आणि हाताची घडी घालून गप्प बसलो. कागद बघत काकांना चाळीस मिनिटं लागली. पण शेवटी उत्तर आलं, जपानहून. त्यानंतरच मी विंडोज पुसलं.

तुम्हाला कोणी विचारलं की रेडिओसाठी कुठली सिस्टिम चांगली, तर आधी एवढंच विचारा: तुम्ही गावात नसताना ती दुरुस्त कोण करणार? त्या माणसाला जी जमते ती टाका. मग ती माझ्या लाडक्या लिनक्सऐवजी विंडोज निघाली तरी चालेल.