दुखायचं थांबलं म्हणजे दात बरा झाला असं नाही

घरात कुणाला ताप आला तर आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो. दात दुखला तर मात्र आधी लवंग, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्या. चार दिवसांनी ठणका थांबतो आणि सगळे म्हणतात, अल्हम्दुलिल्लाह, बरं झालं. खरं तर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली आणि ती नस मेली की दुखणं आपोआप थांबतं. दात आतून सडतच राहतो. मग काही महिन्यांनी मुळाशी पू होतो आणि गाल सुजतो.

मी उर्दू शाळेत चौथीला शिकवते. गाल सुजलेलं मूल वर्गात दिसलं नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. मागच्या वर्षी वर्गातली एक हुशार मुलगी सलग चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली ती ओढणीचं टोक गालाला धरून. मी तिच्या अम्मीला बोलावलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, दुधाचा दात आहे. आज ना उद्या पडणारच. त्याच्यासाठी कशाला दवाखान्यात घालायचे पैसे?"

तो दात दुधाचा नव्हता. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्य बाईंनी बघताक्षणी सांगितलं की ही कायमची दाढ आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे ही नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे आईबापाच्या लक्षातच येत नाही. सगळ्यांना ती दुधाचीच वाटते. तिच्यावर खाचा खोल असतात, त्यात बिस्किटाचा लगदा अडकतो आणि कीड तिलाच आधी लागते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

त्या मुलीची एक दाढ वाचली नाही. सूज उतरल्यावर काढावी लागली. दुसऱ्या बाजूच्या दाढेला नुकती कीड लागली होती, तिच्यात सिमेंट भरलं आणि ती वाचली. नऊ वर्षांच्या पोरीला एक दाढ आता आयुष्यभर कमी.

मला जास्त वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक काही महिन्यांपूर्वीच शाळेत येऊन गेलं होतं. २०१३ पासून हा कार्यक्रम आहे. सरकारी शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा मुलांची तपासणी होते, त्यात दातही बघतात. या मुलीच्या हातात त्यांनी रुग्णालयाची चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी घडी घालून दप्तराच्या कप्प्यात तशीच पडून होती. दात दुखत नव्हता, मग जायचं कशाला, असा घरचा हिशेब. पण दात न दुखताच गेलं तर काम सोपं असतं. छोटं भोक एका फेरीत भरून मिळतं. दुखायला लागल्यावर रूट कॅनल करावं लागतं, नाहीतर दात काढावा लागतो.

पैशांची भीती खरी आहे. खाजगी दवाखान्यातला रूट कॅनलचा आकडा ऐकून रिक्षा चालवणारा बाप गप्प होणारच. पण खाजगी दवाखाना हा एकच रस्ता नाही. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत दंत विभाग असतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दंतवैद्य कोणत्या वारी असतात ते आधी विचारून जावं, म्हणजे रोजंदारी बुडवून हेलपाटा पडत नाही. मोठ्या कामासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर काम करतात आणि वरचे डॉक्टर तपासतात. वेळ जास्त लागतो, दोन-तीन फेऱ्या होतात, पण खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी येतो.

बायकांच्या बाबतीत पैशांपेक्षा संकोच आड येतो. आमच्या फुफींनी पंचवीस वर्षं मिश्री लावली. पहिल्या बाळंतपणानंतर दाढ दुखली तेव्हा कुणीतरी सांगितलं, आणि मग सकाळी, दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी, असं ते चालूच राहिलं. "फुफी, तंबाखू सोडा," म्हटलं की त्या रागवायच्या. "मी कुठे तंबाखू खाते? मी दात घासते." आपल्या कितीतरी घरांत हाच समज आहे. मिश्री म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखूच. तिने हिरड्या खराब होतात, तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि गरोदर बाईने लावली तर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो.

फुफींच्या ओठाच्या आत, मिश्री जिथे ठेवायच्या तिथेच, पांढरा चट्टा दिसला. परक्या पुरुषासमोर तोंड उघडून बसायला त्या तयार नव्हत्या. मी दंत महाविद्यालयात आधी विचारून घेतलं, आणि बाई डॉक्टर असतील त्या दिवशी त्यांना घेऊन गेले. कुणी ना म्हटलं नाही. तुकडा तपासला. अल्लाहच्या कृपेने कॅन्सर नव्हता. मिश्री बंद करा आणि सहा महिन्यांनी परत दाखवा, असं सांगितलं. सोडताना फुफींना फार त्रास झाला. पहिला आठवडा डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. आता त्या बडीशेप चघळतात.

पुरुषांचं आणि तरुण मुलांचं दुखणं गुटख्याचं आणि सुपारीचं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. घरच्या घरी एक बघता येतं. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का? जात नसतील, तिखट लागताच तोंडात आग होत असेल, किंवा लाल-पांढरा चट्टा वा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर थांबू नये.

आपल्याला तर तोंडाच्या स्वच्छतेची शिकवण चौदाशे वर्षांपासून आहे. उम्मतीला जड जाईल असं वाटलं नसतं तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाकचा हुकूम दिला असता, या अर्थाची प्रेषितांची (स.) हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. शेवटच्या आजारातही त्यांची नजर मिस्वाककडे गेली, आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी ती चावून मऊ करून दिली. ज्या घरात ही सुन्नत माहीत आहे, त्या घरातली मुलं चहात बुडवलेली बिस्किटं खाऊन तशीच झोपतात, हे बरं दिसत नाही.

मिस्वाक जरूर करावी. तिचं टोक रोज थोडं कापून नवं करावं आणि मागच्या दाढांच्या आतल्या बाजूपर्यंत न्यावी. तिथे ती नीट पोचत नाही, म्हणून सोबत ब्रश हवाच. सकाळी एकदा आणि इशानंतर झोपायच्या आधी एकदा, दोन-दोन मिनिटं. यातली रात्रीची वेळ जास्त महत्त्वाची, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांत अडकलेलं धुतलं जात नाही. पेस्ट फ्लोराइडची घ्यावी. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश देऊन मोकळं होऊ नये, शेवटचा हात आईने किंवा अब्बांनी फिरवावा. ब्रश तीन महिन्यांनी बदलावा. गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं याने दात जास्त किडतात, म्हणून गोड जेवणाबरोबरच द्यावं.

रमजानमध्ये इफ्तारपासून सहरीपर्यंत शरबत, खजूर, शीरखुर्मा यांची ये-जा चालू असते. सहरी संपायच्या दहा मिनिटं आधी सगळ्या घराने ब्रश करायची सवय लावली तर पेस्ट घशात जाण्याची दिवसभराची काळजीच उरत नाही. रोज्यात मिस्वाकबद्दल हनफी घरांत अडचण नाही. कोकणातल्या शाफई घरांत जवालनंतर ती मकरूह मानतात, त्यांनी त्याआधी करावी.

आणखी एक. वरचा दात काढला की नजर जाते, असं अजूनही म्हातारी माणसं सांगतात. दाताची नस वेगळी आणि नजरेची वेगळी, त्यामुळे तसं होत नाही. दात साफ करून घेतल्याने ते हलायलाही लागत नाहीत. साचलेलं किटण निघाल्यावर फटी मोकळ्या होतात आणि हिरड्या आधीच सैल झाल्या होत्या ते तेव्हा कळतं, इतकंच.

या जुम्याला मुलांना अंघोळ घालाल तेव्हा मोबाइलची बॅटरी लावून त्यांच्या सगळ्यात मागच्या दाढा बघा. काळा ठिपका दिसला तर दुखायची वाट बघू नका. आणि शाळेतून आलेली एखादी चिठ्ठी दप्तराच्या कप्प्यात राहिली आहे का, तेही बघा.