पॅरिसचे शहाणे, पनवेलचे पाहुणे

पनवेलला राहणाऱ्या माणसाने पाहुण्यांचा कंटाळा करून चालत नाही. गावच असे नाक्यावर वसलेले आहे, की कोकणात निघालेला, पुण्याहून परतणारा, अलिबागला हवापालटासाठी चाललेला, असा कोणीही "वाटेतच होतं, म्हटलं डोकावून जावं" असे म्हणत दारात उभा राहू शकतो. त्यांचे काही नाही. चहा घेतात, पेणच्या पापडांची चौकशी करतात आणि जातात. काळजी वाटते ती दुसऱ्या एका जातीच्या पाहुण्यांची. हे आमच्याकडे येत नाहीत. आमच्यावरून डोंगराकडे जातात. आषाढ लागला, वर्तमानपत्रात एखाद्या धबधब्याचे चित्र आले, की शनिवारी रात्री फोन वाजतो, "उद्या पहाटे पोचतोय. चहा टाकून ठेव. कलावंतिणीला जायचंय!"

जाण्याला माझी हरकत नसते. पायांत काय घालून जाणार, हे मात्र मी पाहून घेतो.

माझे एक आत्येभाऊ दादरला असतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ते सहकुटुंब पॅरिसला जाऊन आले. निघण्याआधी सहलवाल्यांनी त्यांना एक चार पानी सूचनापत्रक दिले होते. ते मी वाचले आहे, आणि मराठीचा प्राध्यापक या नात्याने सांगतो, की इतके नेमके गद्य आमच्या पाठ्यपुस्तकांतही क्वचितच सापडते. पैशाचे पाकीट मागच्या खिशात ठेवू नये. पासपोर्टची एक प्रत निराळ्या पिशवीत असावी. भुयारी रेल्वेचे तिकीट स्टेशनाबाहेर पडेपर्यंत टाकू नये. तपासनीस शेवटच्या दाराशीही उभा असू शकतो. मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी काही तरुण हसत हसत पुढे येतील आणि तुमच्या मनगटाला रंगीत दोरा गुंडाळू लागतील. तो स्नेहाचा धागा नव्हे. गाठ बसली की पैसे मागतात. कोणी मुलगी कागद पुढे करून मूकबधिरांसाठी सही मागेल. तुम्ही सहीत गुंतलात की तिच्या सोबतिणीचा हात तुमच्या पिशवीत! रस्त्यात कोणी सोन्याची अंगठी उचलून 'तुमचीच का ही?' म्हणून विचारील. ती पितळेची असते, आणि तुमची तर नसतेच.

या पत्रकाचा दादांच्या घरी परीक्षेसारखा अभ्यास झाला. वहिनींनी सर्वांच्या कपड्यांना आतून चोरखिसे शिवले. साक्रे-करच्या पायऱ्या दादा म्हणे दोन्ही हात कोटाच्या खिशांत घालून चढले. राखीपौर्णिमेलासुद्धा त्यांनी मनगट कधी इतके जपले नसेल. परत आल्यावर वहिनी अभिमानाने सांगत होत्या, "अहो भाऊजी, दहा दिवसांत साधा हातरुमाल हरवला नाही!"

हेच कुटुंब त्याच वर्षी जुलैतल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या दारात उभे. दादांच्या पायांत रबरी सपाता, वहिनींच्या पायांत लग्नकार्यातल्या चपला, चिरंजीवांच्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये नकाशा. कार्यक्रम असा, की सकाळी कलावंतीण, दुपारी खारघरच्या पांडवकड्याखाली स्नान आणि संध्याकाळी दादरला कोणाच्या तरी लग्नाचे जेवण. मी म्हटले, "दादा, दोन दिवस सारखी संततधार आहे. पायऱ्या निसरड्या झाल्या असतील. आणि पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी असते." दादा मनापासून हसले. म्हणाले, "अरे, आपलंच तर आहे सगळं! इथे कसली भीती?"

'आपलंच तर आहे', या तीन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. परक्या गावात आपण परके असतो, म्हणून सांगितलेले ऐकतो. इकडे भाषा आपली, भाकरी आपली, तेव्हा डोंगरही नात्यातलाच असणार, असे आपण धरून चालतो. पॅरिसच्या भामट्याने फार तर दादांचे पाकीट नेले असते. आमच्याकडे दरीत पडलेल्याचे पाकीट खिशात जसेच्या तसे सापडते.

कलावंतीण हा प्रबळगडाला लागून उभा असलेला सुळका, उंची सव्वादोन हजार फुटांच्या आसपास. चित्रात त्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की पायऱ्या आहेत म्हणजे सोय आहे. पण या पायऱ्या देवळाच्या नव्हेत. त्या उंच, उभ्या, कडेला कठडा नसलेल्या आहेत आणि पावसात त्यांवरून पाणी वाहते. चढताना माणसाचे तोंड कातळाकडे असते, म्हणून तो निभावतो. उतरताना तोंड दरीकडे होते. तोपर्यंत पाय थकलेले, आभाळ उतरलेले आणि मागून दुसरी टोळी घाई करीत आलेली. पुष्कळांची खरी परीक्षा तिथे होते. ज्याला जायचे त्याने कोरड्या दिवसांत, खाचा असलेल्या तळव्याचे बूट घालून, पहाटे निघून दुपारच्या आत खाली येण्याच्या बेताने जावे. होळीला माचीवरचे आदिवासी या सुळक्यावर चढून नाचतात, असे ऐकून कोणी हुरूप आणू नये. त्यांचे पाय त्या कातळावरच वाढलेले आहेत.

ठाकूरवाडीहून दीडेक तास चढले की प्रबळमाची लागते. तिथवर मी दादांच्या बरोबर गेलो. पुढचे तिथे ठरवू, असे आमचे ठरले होते. माचीवर एक बाई झोपडीवजा घरात भाकरी-पिठल्याची खानावळ चालवतात. दादांनी त्यांना वरची वाट विचारली. बाईंनी चुलीवरून मान वर केली, दादांच्या सपातांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "जा ना. पन किती माणसं हायेत तेवढं सांगून जा."

"का बुवा?" दादांनी विचारले.

"सांजच्याला मोजाया."

दादा काही बोलले नाहीत. ओट्यावर बसले, सपाता काढून बाजूला ठेवल्या आणि चार चहा सांगितले. माझे सगळे व्याख्यान जिथे वाया गेले होते, तिथे या तीन-चार शब्दांनी काम झाले. भाषेचा प्राध्यापक म्हणून मला थोडे वाईट वाटले, हेही खरे.

कर्नाळ्याची गोष्ट निराळी. गोव्याच्या रस्त्याला पनवेलपासून हे ठिकाण दहा-बारा किलोमीटरच आहे. वाटेत शिरढोण लागते, वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. पण मोटारीतली मंडळी तिथे सहसा थांबत नाहीत. १९६८ साली इथे पक्ष्यांचे अभयारण्य झाले. एसटीने येणाऱ्याने गाडी तिथे थांबते का, हे वाहकाला चढतानाच विचारून घ्यावे, नाहीतर पेणला उतरून उलटे यावे लागते. किल्ल्यावरचा अंगठ्यासारखा सुळका लांबूनही ओळखू येतो, आणि त्याच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. इथे अत्तर लावून, आरडाओरडा करीत किंवा विडी-सिगारेट ओढत जाणारा पाहुणा एकट्याने डंख खात नाही, सगळ्या मेळाव्याला खाऊ घालतो. मोहोळ उठले तर हात झटकू नयेत. तोंड झाकून, जमेल तितक्या लवकर पण पाय सांभाळून तिथून दूर व्हावे. बाकी शांतपणे जाणाऱ्याला कर्नाळ्यासारखी सोबत नाही.

पाण्याविषयी मात्र मला विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त फसवणूक पाणीच करते. धबधब्याखाली उभ्या असलेल्या माणसाला आपल्या डोक्यावरचे आभाळ दिसते. पाणी येते ते डोंगरामागच्या आभाळातून. इथे ऊन पडलेले असते, वर पठारावर सर कोसळून गेलेली असते आणि काही मिनिटांत ओढ्याला लोंढा येतो. जाणत्या माणसाला त्याची चाहूल आधी लागते. निवळ पाणी गढूळ होते, काटक्या आणि पालापाचोळा वाहत येऊ लागतो, आवाज जड होतो. यातले एक जरी लक्षण दिसले तरी छायाचित्र अर्धे सोडून काठावर यावे. पलीकडच्या तीरावर अडकलात तर तिथेच उंच जागी थांबावे. पाणी उतरते, पण मधून ओलांडणाऱ्यासाठी ते थांबत नाही.

पांडवकडा सुमारे साडेतीनशे फुटांवरून कोसळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे चार महाविद्यालयीन मुली वाहून गेल्या. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे गेली. एकमेकांना घट्ट धरून ती पाण्याच्या मधोमध उभी होती, आणि काठावर माणसे असूनही कोणाचा हात पोचू शकला नाही. बंदीची पाटी दिसली की आमच्या लोकांना वाटते, सरकारला आपली मौज बघवत नाही. त्या पाटीमागे कोणाची तरी नावे असतात, एवढे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

आणखी एक समजूत अशी, की काही झालेच तर फोन करू, मदत येईल. ११२ हा क्रमांक लक्षात ठेवावा, जरूर ठेवावा. पण डोंगरात फोन लागेलच असे नाही, आणि लागला तरी मदत करणारा माणूस तुम्ही आलात त्याच वाटेने, तुमच्यासारखाच दोन पायांनी वर येतो. प्रबळगडाच्या शेजारचा इर्शाळगड भटक्यांना ठाऊक असेल. त्याच्या पोटाशी इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. ती माणसे पाहुणी नव्हती, घरात निजलेली होती. वाडीपर्यंत मोटाररस्ता नव्हता, माती उपसायची अवजड यंत्रे वर नेता येईनात. पाऊस, चिखल आणि अंधार यांतून माणसे चालत चढली आणि हातांनी माती उकरू लागली. मदतीला निघालेले अग्निशमन दलातले एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराने गेले. सत्तावीस मृतदेह सापडले. पन्नासहून अधिक माणसे सापडलीच नाहीत. पनवेलहून त्या बाजूला पाहिले की मला अजून ती चढण आठवते. चप्पल घसरून अडकलेल्या हौशी तरुणासाठी कोणी तशीच चढण रात्री चढत असेल, हे त्या तरुणाला कोणीतरी आधी सांगायला हवे.

डोंगर सोडून जे समुद्राकडे वळतात, त्यांना वाटते की वाळू सपाट आहे, तेव्हा धोका नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. त्या आठवड्यात वर्गात हजेरी घेताना 'हजर' हा शब्द मला कधी नव्हे इतका ठळक ऐकू येत होता. तेव्हापासून सहलीच्या परवानगीच्या कागदावर सही करण्यापूर्वी मी तीन प्रश्न विचारतो. भरती कितीला? पोहू नये अशी जागा कोणती, हे गावातल्या कोणाला विचारले? आणि मुलांना मोजणार कोण?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार सोपे आहे, आणि ते आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले असते. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. दुपारी तशीच रात्रीही. मिनिटांचा फरक पडेल, ठिकाणाप्रमाणेही थोडा पडेल, पण अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेल्या माणसाला परत कधी फिरावे, हे त्यावरून कळते. पुष्कळ पाहुणे किल्ला निवांत पाहतात, तटावर डबे सोडतात, आणि खाली येऊन बघतात तो आल्या वाटेवर पाणी! कंबरभर तर आहे, म्हणून जे त्यात शिरतात त्यांना पायांखालची ओढ मध्यावर गेल्यावर कळते.

हा पाऊणपटीचा हिशेब मी घरातल्या सगळ्या पोरांना पाठ करायला लावला आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचा अलिबागहून फोन आला. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

"मामा, आज पंचमी. म्हणजे भरती पावणेचारला ना?"

"हो. पण तिथल्या कोणाला तरी विचारून घे."

"विचारलं. एक कोळीकाका म्हणाले, साडेअकराच्या आत परत फिरा."

"मग सगळं बरोबर आहे. फोन कशाला केलास?"

"सांगून ठेवायला," ती म्हणाली. "आम्ही सहाजणं आहोत."